वेसकर, गोलात उभा ऱ्हा

सरांनी ग्लोव्हज फेकले. ते माझ्या छातीवर आपटले आणि पायाशी पडले.

"आजपासनं तू गोलात."

मला वाटलं, माझ्या मागं कुणी उभं असेल, त्याला म्हणतायत. मी वळून बघितलं. मागं नुसती कंपाउंडची भिंत.

"तुलाच म्हणतोय. उंच हायस, हात लांब हायत. आपला किपर पास होऊन गेला. आता दुसरा कोण हाय?"

मी फॉरवर्ड. डाव्या पायाचा. गडहिंग्लजच्या बाजूला आमचं गाव. तिकडं पोरांना चालायला लागलं की पायात बॉल लागतो. शाळेत असल्यापासून मी पुढंच खेळलो. कोल्हापूरच्या कॉलेजात आलो तोही त्या डाव्या पायाच्या जिवावर. ट्रायलला सगळ्यांत जास्त गोल माझे होते. तेव्हा याच सरांनी पाठीवर थाप मारून "पोरगं कामाचं हाय" म्हटलं होतं.

आता माझी जागा रणजितला दिली होती. रणजित पेठेतला. त्याच्या घराण्याला तालमीत मान, आणि कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमा तालमींच्याच. मॅच असली की त्याचे वडील, काका, काकांचे दोस्त सगळे स्टेडियमवर यायचे. पोरगा वाईट नव्हता. खेळायचाही बरा. पण फॉरवर्ड नव्हता तो. बॉल आला की आधी बघायचा आपल्याकडं कोण कोण बघतंय.

मी ग्लोव्हज उचलले. घातले. आतून ओले होते. दुसऱ्याच्या घामाचा वास होता.

सर लांबून ओरडले, "हां, आता शोभतोयस! आमचा वेसकर! गावाला वेसकर लागतोच की. आमच्या गावात हुता, तसा टीमला नको व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

वेस म्हणजे गावाचा दरवाजा, एवढं मला माहीत होतं. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं, दगडी कमान, दोन बुरूज. वेसकर म्हणजे तो दरवाजा राखणारा. मला वाटलं, सरांनी बरोबर नाव काढलं. मी गोल राखायचा म्हणजे दरवाजाच की. पहारेकरी. किल्लेदार. काहीतरी तसंच.

सरांच्या घरी पाटीलकी. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात तसं लिहिलेलं. हे मी रोज वाचत होतो. पण त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

गोलात उभं राहून बघा एकदा. मग कळेल एकटं म्हणजे काय.

आपली टीम चांगली खेळत असली की सगळा खेळ पलीकडं चालतो. दहा जण तिकडं, एकमेकांना शिव्या घालतात, हाका मारतात, पास मागतात. तुम्हाला कुणी पास देत नाही. तुमच्याशी कुणी बोलत नाही. वारा पाठीमागची जाळी हलवतो, तेवढाच आवाज. गोल झाला की ते सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात. तुम्ही इकडं हात वर करता. एकटेच उड्या मारता. मग कळतं की आपल्याकडं कुणी बघत नाही, आणि हात खाली घेता.

आणि गोल खाल्ला की सगळे तुमच्याकडं बघतात.

मी चांगला किपर नव्हतो. असणार तरी कसा? माझं सगळं शिक्षण पायात होतं. बॉल समोरून आला की माझा डावा पाय आधी उचलायचा, हात मागून यायचे. सर कडेनं ओरडायचे, "वेसकर, झोपला का रं?" पोरंही तेच म्हणायची. वर्गातही. मेसमध्येही. हळूहळू माझं खरं नाव फक्त हजेरीत राहिलं.

मला एका गोष्टीचा घोर होता. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरीला जोर येतो. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. त्यांना मी सांगून आलो होतो, फुटबॉलवर नोकरी लागते. ती लागली असती तर पुढं खेळूनच. गोलात उभा राहून कुणी मला निवडणार नव्हतं. मी दोनदा सरांना विचारलं, परत पुढं घ्या म्हणून. पहिल्यांदा म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "टीमपेक्षा मोठा झालास व्हय?"

मग मी ठरवलं, आहे तिथं चांगलं व्हायचं. नाव मिळालंय ते मिरवायचं.

नव्या जर्स्या करायच्या होत्या. शहरातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात प्रत्येकानं जाऊन पाठीवरचं नाव सांगायचं होतं. रणजितनं इंग्रजीत स्वतःचं नाव घातलं. बाकीच्यांनी आडनावं.

दुकानदार म्हणाला, "बोला पावणं, काय टाकू?"

"वेसकर. मराठीत टाका. मोठं."

त्यानं वर बघितलं. "आडनाव व्हय?"

"न्हाई. पोझिशन."

त्यानं वहीत लिहून घेतलं. बहुतेक त्याला माहीत असावं. मला त्याचा राग येत नाही. गिऱ्हाईक हसत हसत सांगतंय, त्यानं तरी काय करावं?

दिवाळीच्या सुट्टीला तीच जर्सी घालून मी गावी गेलो. मुद्दाम घातली. गडहिंग्लज स्टँडला उतरून गावच्या गाडीत बसलो, गावात उतरलो आणि वरच्या गल्लीनं चालत निघालो. आमची वस्ती खालच्या अंगाला, ओढ्याकडं. वरच्या गल्लीतनंच जावं लागतं. संध्याकाळ होती. डेअरीपुढं माणसं किटल्या घेऊन उभी होती. मी पुढं गेलो आणि मागं आवाज आला.

"बघा की. कॉलेजात जाऊन बी बरोबर लिवून आणलंय."

"आता वळखाय सोपं."

हसले सगळे. मी वळून हात केला. मला वाटलं, गावाला आपलं कौतुक आहे.

मी त्यांना हात केला. 

अण्णा दारात पाय धूत बसले होते. मी आत गेलो, पिशवी ठेवली. त्यांना माझी पाठ दिसली. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरं एकेक उचलून वाचतात, वीट उचलल्यासारखी.

"वे. स. कर."

मग पाण्याचा आवाज थांबला.

"कुणी घातलं हे नाव?"

"सरांनी. कौतुकानं म्हणत्यात."

"सरांचं आडनाव काय?"

मी सांगितलं. अण्णांनी मान हलवली. 

"आणि ह्ये घालून तू वरल्या गल्लीतनं आलास?"

"व्हय."

"काढ."

मी जर्सी काढली. उघडाच बसलो. अव्वा, माझी आई, चुलीपुढनं उठून आली. ती काही विचारणार होती, अण्णांचं तोंड बघून परत चुलीकडं गेली.

आम्ही बौद्ध. मला ते माहीत होतं, वस्तीतल्या सगळ्यांना असतं. पण त्याआधी काय होतो, कुणाच्या वाट्याला काय काम होतं, हे आमच्या घरात बोलत नसत. अण्णांनी ठरवून बोलणं बंद केलं होतं. पोरांच्या कानावर जायला नको म्हणून. त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि सर त्याच नावानं आत आले.

त्या दिवशी अण्णा बोलले.

"वेसकरी महारकीतलं काम. तुझा आज्जा करायचा. त्याचा बा बी. वेशीत काठी घिऊन बसायचं. आल्यागेल्याला हटकायचं. सायबाच्या घोड्यापुढं पळायचं. कुणाचं मढं पडलं की सांगावा घिऊन चार गावं पळायचं. गावात चोरी झाली की आदी वेसकराला धरायचं, तू झोपला हुतास म्हणून. आणि सांज झाली की दारोदार जाऊन भाकरी मागायची. दारात उभा ऱ्हायचं. आत न्हाई."

"तुम्ही बघितलंय?"

"मी ल्हान हुतो तवा बानं सोडल्यालं. कायद्यानं गेलंच हुतं. पर हाक न्हाई गेली. माझा बा मेला, तवा वरली माणसं बी आली मयताला. लांब उभी हुती. एकानं दुसऱ्याला इचारलं, कोण गेलं? तर म्हणाला, वेसकर गेला." अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "बाचं नाव शिवराम. मेल्यावर तरी घ्यायचं की."

 सरांचा आवाज कानात येत होता, वेसकर, झोपला का रं. मी तेव्हा हसून म्हणायचो, जागा हाय सर.

मी विचारलं, "मी काय करू आता?"

अण्णा म्हणाले, "मी काय सांगू? मी घरात त्ये नाव काढायचंच सोडलं, एवढंच केलं. तुला त्ये भाईर जाऊन घालवावं लागंल. तुझं तू बघ."

वाटलं होतं, ते म्हणतील जा आणि भांड. किंवा म्हणतील, जाऊ दे, शिक्षणाकडं बघ. दोन्ही म्हणाले नाहीत. त्यांनी पाय पुसले आणि आत गेले. जर्सी तिथंच पडून होती. मी ती गावातच ठेवून आलो.

सुट्टी संपली आणि चारच दिवसांत उपांत्य सामना होता. जिंकला की अंतिम सामना, आणि तिथं विद्यापीठाचे निवड करणारे येणार. स्टेडियमच्या पायऱ्यांवर रणजितची माणसं येऊन बसली होती. थर्मास, पिशव्या, टोप्या. मी जुनी, नाव नसलेली जर्सी घालून उभा होतो.

सरांनी बघितलं. "वेसकर, जर्सी कुठाय?"

"गावात ठेवली, सर."

"का रं?"

"सर, माझं नाव घ्या."

पोरं बूट बांधत होती. हात थांबले.

"राग आला व्हय? अरं येड्या, लाडानं म्हणतोय की."

"लाडानं तुमच्या पोराला म्हणा."

कुणीतरी "आयला" म्हटलं, हळूच. सरांचा चेहरा बदलला. ते पुढं आले. मग हसले. त्यांनी माझं नाव घेतलं. माझं, वडिलांचं, आडनाव. एकेक सुटं करून, हजेरी घेतल्यासारखं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आडनावावर जरा जास्त थांबले.

"घेतलं नाव. झालं समाधान? आता जा, गोलात उभा ऱ्हा."

तिथं मला कळलं. गावाकडनं येताना सगळ्या वाटेत मी एकच वाक्य घोकत आलो होतो, माझं नाव घ्या. नाव मिळालं, आणि जागा तीच राहिली. नुसतं नाव मागणं पुरणार नव्हतं.

मी म्हटलं, "सर, मी फॉरवर्ड हाय. मला गोलात का घातलं?"

"उंचीसाठी. सांगितलंय की."

"रणजित माझ्यापेक्षा उंच हाय."

हे सगळ्यांना दिसत होतं. रोज दिसत होतं. रणजित माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता. इतके महिने कुणी बोललं नव्हतं. मीही नाही. ज्याला गोलात उभं करतात त्याची उंची मोजतात, दुसऱ्यांची मोजतच नाहीत.

"पाठीला पाठ लावून उभं करा आम्हाला," मी म्हटलं. "जो उंच तो गोलात."

रणजित बुटाच्या नाडीकडं बघत होता. नाडी कधीच बांधून झाली होती.

सर भडकले. आणि भडकल्यावर माणूस खरं बोलतो. "रणजितला गोलात घालू? डोकं फिरलंय का? त्याच्या घरातली माणसं वर बसल्यात बघायला! त्यास्नी काय सांगू?"

"माझ्या घरातलं कुणी येत न्हाई. म्हणून मी?"

 त्यांच्याकडं उत्तर होतं, पण ते मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

मी ग्लोव्हज काढले. फेकले नाहीत. सरांच्या हातात दिले. "पुढं खेळवणार असाल तर थांबतो. न्हाईतर न्हाई."

"जा मग."

मी निघालो. कुणी माझं नाव घेऊन हाक मारली नाही. दुसऱ्या नावानंही मारली नाही. दहा पोरं होती. त्यातल्या तिघांशी माझी चांगली दोस्ती होती, असं मला वाटायचं. एकाच ताटात जेवलो होतो. ते उभे राहिले आणि मग राखीव पोरांतल्या एकाला किपरची जर्सी द्यायच्या गडबडीला लागले.

स्टेडियमच्या बाहेर रस्त्यावर आलो. आत शिट्टी वाजली. मी लगेच गेलो नाही. बाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ उभा राहिलो. मनात होतं, आता हरतील. माझ्याशिवाय हरतील आणि मग कळेल. खोटं कशाला सांगू, मी त्याची वाट बघत होतो.

आत गलका झाला. मोठा. चहावाला म्हणाला, "कुणाचा गोल म्हणायचा?" मी म्हटलं, माहीत नाही. पण मला कळलं होतं. तो आमच्या कॉलेजचाच आवाज होता. मग आणखी एकदा.

जिंकले ते. अंतिम सामनाही जिंकले. माझ्यावाचून काहीही अडलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. तुम्ही नाही म्हटल्यावर जग थांबतं, गुन्हेगार ओशाळतो, असं आपल्याला वाटतं. काही होत नाही. तुमच्या जागी दुसरा उभा राहतो आणि खेळ सुरू होतो. नाही म्हणायचं ते हे धरून म्हणायचं.

हॉस्टेलवर मला कुणी वाळीत टाकलं नाही. ते सरळ तरी झालं असतं. पोरं बोलायची, पण माझ्यापुढं फुटबॉलचा विषय निघाला की थांबायची. मेसमध्ये मी बसलो की हसणं जरा कमी व्हायचं. मी खोलीवर जेवण नेऊ लागलो. सरांनी सांगून ठेवलं होतं, "पोरगं चांगलं हुतं, डोक्यात हवा गेली." प्रमाणपत्राचा विषय संपला. कोट्याचाही. अण्णांना मी फोनवर एवढंच सांगितलं, फुटबॉलवरची नोकरी आता नाही. ते म्हणाले, "बरं. जेवलास का?"

रणजित एकदा खोलीवर आला. दारातच उभा राहिला. मी आत ये म्हटलं तेव्हा आला.

"तू सगळ्यांपुढं मला मधी वडायला नको हुतंस."

मी म्हटलं, "तुला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक हुता?"

"व्हय. आमच्या आजोळी म्हणत्यात की."

"मग मला सांगितला का न्हाईस?"

त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं तुला ठाऊक हाय. तू हसलास की."

सरांचं बोलणं मी एक वेळ पचवून टाकलं असतं. हे वाक्य अजून पचलेलं नाही. त्याला वाटलं होतं, मी कोण आहे हे मला माहीत आहे, आणि मला ते चालतं. आमच्या आज्जा-पणज्यांच्या हसण्याचाही गावानं हाच अर्थ काढला असणार. दारात उभा राहून भाकरी घेणारा माणूस हसला, म्हणजे त्याला चालतंय. तो का हसला, हे विचारायला कुणी बाहेर आलं नाही.

त्या दिवसापासून मी न कळलेल्या गोष्टीवर हसत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

पदवी घेतली. घरातला पहिला. आता शाहूपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काउंटरला आहे. माल आला की पार्टीला फोन करायचा, नग मोजून द्यायचे. सुट्टीच्या दिवशी कबनूरला जातो. तिथल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी एक टीम केलीय. मैदान उतरतं आहे, गोलाला जाळी नाही. गेलो त्या पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "किपर चालंल का? आमच्यात कुणी उभं ऱ्हात न्हाई." मी म्हटलं, "पाळीनं उभं राहू. मी पण राहीन माझ्या पाळीला." ते कबूल झाले. ओळख अजून फार नाही. खेळ झाला की ते आपापल्या घरी जातात, मी एसटीनं परत येतो.

मध्यंतरी सर आले ऑफिसात. कुठल्याशा शाळेसाठी किटचं बोचकं मागवलं होतं. केस पांढरे झालेत. मला बघून तोंडभर हसले. ते हसणं खरं होतं, आनंद झाला होता त्यांना. ते मी नाकारत नाही.

"अरं वेसकर! इथं व्हय तू?"

काउंटरला चारपाच माणसं होती. आमच्या ऑफिसातल्या बाई टायपिंग थांबवून म्हणाल्या, "अय्या, वेसकर आडनाव आहे तुमचं?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्या नावाचा इथं कुणी न्हाई."

सर गडबडले. "अरं, म्हंजे आपलं... थांब की, नाव काय रं तुझं... तोंडावर हाय बघ."

मी थांबलो. घाई केली नाही. त्यांनी कपाळावर बोट टेकवलं, डोळे मिटले. एक नाव घेतलं, ते माझ्या जागी गोलात उभ्या राहिलेल्या पोराचं होतं. दुसरं घेतलं, ते कुणाचंच नव्हतं.

पूर्वीचा मी असतो तर मीच सांगून टाकलं असतं. त्यांची अडचण मीच सोडवली असती. वर हसलो असतो.

"पावती दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी दाखवली. मी त्यांचे नग मोजून दिले, सही घेतली. ते दारापर्यंत गेले, परत वळून बघितलं. त्यांना वाटलं असेल, आता तरी सांगेल.

मी सांगितलं नाही. सांगणार नाही. ज्याला मला हाक मारायचीय, त्यानं माझं नाव स्वतः शोधून आणावं. आणि शोधून आणलं तरी तेवढ्यावर मी त्यानं दाखवलेल्या जागी जाऊन उभा राहणार नाही. जागा का दिली ते आधी विचारीन. उंचीची गोष्ट निघाली तर सगळ्यांना एका ओळीत उभं करायला लावीन, ज्यांची माणसं पायऱ्यांवर बसल्यात त्यांनाही. एकटा पडलो तर पडलो. त्याची मला सवय त्यांनीच लावलीय.